दारातली पद्मिनी



आज शेळीपालन नाही, शिलाई नाही, शेवयाही नाहीत. आज मोटारीविषयी बोलायचं आहे. तेही जुन्या, बंद पडलेल्या आणि घरच्या घरी हळूहळू दुरुस्त केलेल्या मोटारीविषयी. काहीजणी म्हणतील, हे काय बाईमाणसाचं काम आहे का? ऐका तर खरं.

आपल्या गावात एक फेरी मारा. कुणाच्या ना कुणाच्या दारात एखादी बंद गाडी उभी दिसतेच. लुना असेल, चेतक असेल, राजदूत असेल. सीटवर कोंबडी बसलेली, हँडलवर गोधडी वाळत घातलेली. चालवणारा माणूस गेला आणि गाडी जिथल्या तिथं राहिली. विकायची नाही, वापरायची नाही, आणि कागद कुठं आहेत ते कुणालाच माहीत नाही.

आमच्या गटातल्या एक अक्का मोहोळ तालुक्यात वस्तीवर राहतात. पन्नाशीच्या आतबाहेरच्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतात, दोन म्हशी आहेत. त्यांच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये पांढरी प्रीमियर पद्मिनी उभी होती, १९८८ सालची. मालकांनी ती हौसेनं जुनीच घेतलेली. २०१९ साली मालक वारले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली, ती तीन वर्षं तशीच.

आपल्याकडं नवऱ्याला ‘मालक’ म्हणायची पद्धत आहे. या गाडीच्या बाबतीत ते कागदावरही खरं होतं. मालक तेच. आणि सगळं अडलं होतं ते तिथंच.

पण आधी ही गाडी काय चीज आहे ते सांगते, कारण तिची नाळ आपल्या सोलापूरशी जुळलेली आहे. वालचंद कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. ते ज्यांच्या नावाचं, त्या वालचंद हिराचंद दोशींचा जन्म सोलापुरातला, २३ नोव्हेंबर १८८२ चा. रेल्वेची कंत्राटं घेता घेता हा माणूस जहाजांत शिरला, बंगलोरला विमानाचा कारखाना काढला, इकडं वालचंदनगर वसवलं आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिथं गाड्या बनू लागल्या. १९६४ पासून फियाट अकराशे डिलाइट निघाली आणि १९७४ च्या सुमारास तिचंच नाव झालं प्रीमियर पद्मिनी, चित्तोडच्या राणीवरून. वालचंद १९५३ सालीच गेले होते, त्यांनी ही पद्मिनी पाहिली नाही. पण गाडी चालली ती २००१ पर्यंत. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पुढं सलग एकच लांब सीट. एके काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची लोक. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृत अशी एकही पद्मिनी उरली नाही.

अक्कांचा एक भाचा कॉलेजात आहे. तो मोबाइलवर दाखवायचा, की परदेशात लोक जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतात, एमजी म्हणा, ट्रायम्फ म्हणा, आणि घराशेजारच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं तिचा एकेक भाग खोलत-जोडत बसतात. आपल्याकडं जुनी मोटार म्हटलं की राजेमहाराजेच आठवतात. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते, ती पाहायला आपण गर्दी करतो. साध्या माणसाला ना एमजी मिळाली, ना मेबॅक. त्याला मिळाली फियाट. मद्रासजवळ शोलावरमला विमानाच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या, तिथंसुद्धा इंजिनात फेरफार केलेल्या फियाटी पळायच्या. तेव्हा आपली स्पोर्ट्स कार हीच, असं भाचा म्हणाला. अक्का म्हणाल्या, पळायचं राहू दे बाबा, आधी जागची हलू दे.

भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. नऊशे किलोच्या आतबाहेरची गाडी, तो पत्र्याच्या भावानं घ्यायला तयार होता. दीर म्हणाले, देऊन टाका, जागा मोकळी होईल. थोरला मुलगा म्हणाला, आई, तुला चालवता तरी येते का? अक्का कुणाला काही बोलल्या नाहीत. मीटिंग संपल्यावर आरसी बुक पिशवीतून काढून माझ्यापुढं ठेवलं आणि विचारलं, हे माझ्या नावावर होईल का?

होतं. आणि आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून जरा सावकाश सांगते.

गाडीचा मालक वारला तर तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत वारसानं ती आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यायचा असतो. त्या अर्जाला फॉर्म ३१ म्हणतात. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी बुक, विमा, पीयूसी आणि बाकीच्या वारसांची संमती. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, ते मला कळतं. उशीर झाला तर दंड भरून काम होतं, पण होतं. नाव न बदलता गाडी तशीच चालवली आणि अपघात झाला, तर विम्याचे पैसे मिळताना अडचण उभी राहते. बिघडलेली गाडी दुरुस्त करता येते, मेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी मात्र कुणालाच धड वापरता येत नाही.

अक्कांच्या गाडीचा नंबर जुना, एमएच-१३ च्या आधीच्या पद्धतीचा. अशा गाड्यांची नोंद कित्येकदा आरटीओच्या कॉम्प्युटरवर चढलेलीच नसते. ती आधी चढवून घ्यावी लागते, मग पुढचं काम. तीन चकरा झाल्या. थोरल्या मुलानं संमतीच्या कागदावर सही करायला दीड महिना लावला. कशासाठी, ते मी विचारलं नाही, अक्कांनीही सांगितलं नाही. २०२२ च्या दिवाळीआधी नाव चढलं. घर दिरांच्या आणि मुलाच्या नावावर, सातबारा मुलांच्या नावावर. बाईच्या एकटीच्या नावाचा हा पहिला कागद.

ज्यांचे मालक सुखरूप आहेत, त्यांनीही एक ऐका. २०२१ पासून आरसीवर वारसदाराचं नाव, म्हणजे नॉमिनी, लावता येतं. बँकेत लावतो तसंच. मोटारसायकल असो, ट्रॅक्टर असो, ते नाव लावून घ्या. मालक हयात असताना हे काम सोपं आहे.

आणि भंगारात देणाऱ्यांसाठी दोन शब्द. गाडी विकून टाकली तरी आरटीओतली नोंद रद्द केल्याशिवाय ती तुमच्याच नावावर राहते. तिचा नंबर कुणी दुसऱ्या गाडीला लावला, तर पोलीस तुमच्या दारात येणार. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात दिलीत तर तसं प्रमाणपत्र मिळतं, ते घ्या आणि नोंद रद्द करून घ्या.

आता प्रत्यक्ष काम. अक्कांनी एक वही केली, गटाच्या हिशेबाच्या वहीसारखीच. एका पानावर जमा, समोरच्या पानावर खर्च. दर महिन्याला चटणीच्या पैशातून हजार रुपये बाजूला. हजार जमले तर हजाराचंच काम, पंधराशेचं काम असेल तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं. मिस्त्री सोलापूरचे, वयस्कर, आयुष्यभर फियाटीच केलेले. ते महिन्यातून एकदा यायचे. मधल्या दिवसांत काय करायचं ते सांगून जायचे आणि अक्का ते करून ठेवायच्या. मजुरी निम्म्यानं वाचली ती इथं.

सगळ्यांना वाटतं, आधी रंग द्यावा. शेजारणी तेच म्हणायच्या, रंग दे गं, बघ कशी नवरीसारखी दिसेल. वरून कीर्तन आतून तमाशा, अशी गत होते अशानं. पत्रा आतून सडलेला, त्यावर लांबी भरायची, वर चकचकीत रंग मारायचा, आणि ब्रेक दाबला तर गाडी थांबत नाही! रंग सगळ्यात शेवटी. आधी ब्रेक.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. आपण पाय दाबला की तेलाच्या दाबानं आतले लायनर ड्रमला घासतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आतले सिलिंडर गंजतात, रबरं फुगतात. म्हणून सगळं जुनं तेल काढून मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांच्या सिलिंडरांची रबरं नवीन घातली. ड्रम उघडल्यावर आत काळी भुकटी साचलेली असते. ती फुंकर मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असतं, ते छातीत जाऊन बसतं. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं, चुलीत नाही.

इंजिन जाम झालेलं होतं. मिस्त्रींनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून चमचा चमचा इंजिन ऑइल सोडलं आणि चार दिवस हात लावायचा नाही म्हणून सांगून गेले. पाचव्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून पुढं-मागं ढकलायची होती. अक्का, सून आणि शेजारच्या दोघी. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी सुनेला वाटलं, काहीतरी सैल झालं. तिसऱ्या दिवशी चाकाबरोबर पंख्याचा पट्टा हळूच सरकला. अक्का सांगतात, जात्याचा खुंटा हलल्यासारखं हाताला कळलं.

टाकीतलं पेट्रोल सडून डिंकासारखं झालं होतं. टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर खोलून साफ केला. उंदरांनी वायर कुरतडलेल्या, त्या एकेक बदलल्या. रेडिएटर सोलापूरला नेऊन धुऊन आणला, पाण्याचे होस पाइप नवे घातले. टायरवर नक्षी शिल्लक होती, पण रबराला भेगा पडलेल्या. नक्षी बघून टायर ठेवू नयेत, रबराचं वय बघावं. टायरच्या वेळी वहीतले पैसे सात महिने साठत बसले होते.

हे सगळं करताना एक नियम अक्कांनी सुनेलाही पाळायला लावला. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. जॅक निसटतो. चाकांना दगड लावायचे, खाली जाड लाकडी ठोकळे नाहीतर लोखंडी घोडी लावायची आणि गाडी हलवून बघायची, मगच खाली शिरायचं. इंजिन चालू असताना पदर, वेणी, गळ्यातलं, हातातलं, सगळं सांभाळायचं. पंख्याचा पट्टा पदर ओढायला क्षण लावत नाही. अक्का मालकांचा जुना सदरा लुगड्यावरून घालायच्या आणि केसांना फडकं बांधायच्या. शेडचं दार बंद करून इंजिन चालू ठेवायचं नाही, धुरानं माणूस झोपल्या जागी जातो. बॅटरीची एक वायर आधी काढायची, मगच हात घालायचा. आणि पेट्रोलचं भांडं गोठ्यातल्या चुलीपासून लांब, हे वेगळं सांगायला नको.

सीटचा काथ्या उंदरांनी नेलेला. तिथं मात्र मिस्त्रीची गरज पडली नाही. नवा काथ्या भरला, आणि वरची खोळ अक्कांनी सोलापुरी चादरीची शिवली, स्वतःच्या मशीनवर. उन्हात रेक्झीन तापून पाठीला चटका बसतो, चादरीला तसं होत नाही. मला विचाराल तर संपूर्ण गाडीत सगळ्यात देखणं काम तेच झालं आहे.

मधेच गटात एक वाद झाला, तोही सांगते. ब्रेकच्या वेळी पैसे कमी पडले आणि अक्कांनी गटाकडं पाच हजार मागितले. एकजण म्हणाली, म्हशीला देऊ, मशीनला देऊ, बंद मोटारीला कशाला? कमवून काय देणार ती? प्रश्न बरोबर होता. ती गाडी काही कमवून देणार नव्हती, अक्काही तसं म्हणत नव्हत्या. शेवटी गटानं ठरवलं, बँकेच्या कर्जातून नाही, आपल्या बचतीच्या अंतर्गत कर्जातून द्यायचे, नेहमीच्या व्याजानं, सहा हप्त्यांत. मला तो निर्णय पटला. बँकेचा पैसा धंद्यासाठी आणलेला, तो हौसेला लावायचा नाही. पण बचत आपली, तिच्यात अक्कांचेही दर आठवड्याचे पैसे आहेत. सहाचे सहा हप्ते वेळेवर आले. पुरुषमाणसानं मोटारसायकलला पाच हजारांची चाकं बसवली तर ‘ती कमवून काय देणार’ असं त्याला घरात कुणी विचारत नाही. बाईनं एक रुपया खर्चला की तिला आधी त्याचा फायदा सांगावा लागतो. मला हे अजून उमगलेलं नाही.

गाडी सुरू झाल्यावर लगेच सल्ले आले. वडाप करा अक्का, मोहोळ ते सोलापूर, रोजचे पैसे सुटतील. तिथं मी स्पष्ट नको म्हटलं. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं माणसं न्यायला चालत नाही. परवाना नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार.

खर्चाचं खरं सांगायचं तर तो दुरुस्तीवर थांबत नाही. खासगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. २०२३ साली अक्कांनी ते करून घेतलं तेव्हा मोटारीची फी ५,००० रुपये होती. आता २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला ती १०,००० केली आहे. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी हाय सिक्युरिटी नंबरपाटी. उशीर केला की महिन्यागणिक जादा फी चढते. पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. तिची पहिली फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, पण ती गाडी रोज वापरता येत नाही. अक्कांची गाडी १९८८ ची, तिला अजून अवकाश आहे. २०२८ च्या दहा हजारांसाठी त्यांनी वहीत आत्तापासून वेगळं पान केलं आहे.

दुसरी अडचण आपल्याच उसातून आली म्हणा ना. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत ते बनतं, ऊसवाल्याला त्याचा आधार आहे, चांगलंच आहे. पण पद्मिनी बनली तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. तिचे रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलनं मऊ होतात, चिरतात, आणि इथेनॉल पाणीही ओढून घेतं. म्हणून इथेनॉल सोसणारे नवे पाइप घातले, टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवायचं नाही, आणि दर पंधरा दिवसांनी गाडी फिरवून आणायची. गाडीखाली पेट्रोलचा वास आला की चावी लावायचीच नाही, आधी पाइप बघायचे.

आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मेच्या उन्हात पद्मिनी मधेच फुरफुर करून बंद पडते. पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होते, पुढं जातच नाही. यावर मुंबईच्या टॅक्सीवाल्यापासून सगळ्यांचा एकच इलाज, पंपावर ओलं फडकं. अक्का गाडीत पाण्याची बाटली आणि जुन्या लुगड्याचा तुकडा ठेवतात. दहा मिनिटं थांबायचं, फडकं ओलं करून पंपावर टाकायचं, पुन्हा चावी फिरवायची.

चालवायला त्या मोहोळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकल्या. तिथली गाडी नवी, गिअर खाली मधोमध. घरी आल्यावर गिअर स्टिअरिंगपाशी. दोन महिने हात चुकीकडं जायचा. लायसन्स मिळालं. आता शनिवारी सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आधी, मोहोळच्या बाजाराला स्वतः जातात. शेजारी सून बसते. आरसीवर नॉमिनी म्हणून सुनेचंच नाव लावलं आहे.

रंग अजून दिलेला नाही. उजव्या दरवाजाखालचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला, तिथं प्रायमरचा तांबडा पट्टा तसाच आहे. मागच्या डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडकते. लोक हसतात, अक्का काच हातानं वर ओढतात. धाकटी म्हैस व्यायली की त्या दुधाच्या पैशातून डेंटिंग-पेंटिंगचं बघायचं, असं ठरलं आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्या दारात गेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी उभी आहे, दोन चाकी असो, चार चाकी असो नाहीतर ट्रॅक्टर, त्यांनी पुढच्या बैठकीला आरसी बुक आणि मृत्यूचा दाखला घेऊन या. आरसी सापडत नसेल तर नुसता नंबर लिहून आणा. फॉर्म ३१ मी घेऊन येते, बसून भरू.